चालवायला दिलेल्या शाळांचा हिशेब

प्रति,
माननीय आयुक्त,
पिंपरी चिंचवड महानगरपालिका.



महापालिकेच्या काही इंग्रजी माध्यमाच्या शाळा आज स्वयंसेवी संस्था चालवतात. इमारत महापालिकेची, पटावरची मुले या शहरातली, वर्गात शिकवणारे शिक्षक मात्र संस्थेने नेमलेले. अमेरिकेत अशा शाळांना चार्टर स्कूल म्हणतात. आपल्याकडे कुणी ‘पीपीपी शाळा’ म्हणते, वस्तीतली माणसे सरळ संस्थेच्या नावाने ओळखतात. अशा शाळा असाव्यात की नसाव्यात हा वाद घालायला मी हे पत्र लिहीत नाही. त्या आहेत, त्यांतल्या काही फार चांगल्या आहेत. माझे म्हणणे एवढेच, की शाळा कोणत्या कामगिरीवर संस्थेकडे राहील आणि कोणत्या कामगिरीवर परत घेतली जाईल, हे करारात लिहिलेले असावे, मराठीत असावे आणि पालकांना वाचायला मिळावे. त्या कागदावरचा पहिला प्रश्न ‘मुलांना किती गुण पडले’ हा नसावा. ‘आलेल्या मुलांपैकी किती टिकली, आणि रिकाम्या झालेल्या जागी कोण आले’ हा असावा.

सुरुवात बोपखेलपासून करते. मुळेच्या काठावरचे हे गाव. २०१५ मध्ये लष्कराच्या सीएमई या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या आवारातून जाणारा रस्ता बंद झाला आणि दापोडीला जायलासुद्धा लांबचा वळसा गावाच्या नशिबी आला. या गावातली महापालिकेची इंग्रजी माध्यमाची शाळा आकांक्षा फाउंडेशन चालवते. २०२२ मध्ये ‘टी फोर एज्युकेशन’ या संस्थेच्या जगातल्या सर्वोत्तम शाळांच्या पुरस्कारासाठी, लोकसहभागाच्या गटात, ही शाळा पहिल्या दहांत आली. शाळेने केले काय, तर गावातले डॉक्टर, किराणा दुकानदार आणि धर्मगुरू यांना एकत्र आणले आणि कमी पैशांत पौष्टिक जेवण कसे होते ते मुलांच्या घरी पोहोचवले. ज्या शाळेला आपले मूल रिकाम्या पोटी वर्गात बसते हे दिसते, आणि जी त्यासाठी दुकानदाराच्या दारात जाते, ती शाळा शिकवण्याचे काम मनावर घेते. पिंपरी-चिंचवडच्या कुठल्याही माणसाला याचा अभिमान वाटावा.

आता चाकणच्या बाजूला चला. चाकण ज्या खेड तालुक्यात येते, त्याच तालुक्यातल्या जालिंदरनगरची जिल्हा परिषदेची शाळा. तिथे कुठलीही संस्था आली नाही, करार झाला नाही. सरकारी शिक्षक आणि गावकरी एवढेच भांडवल. पट जवळजवळ संपत आलेली ही शाळा पुन्हा भरली. मोठी मुले लहानांना, हुशार मुले अडलेल्यांना शिकवू लागली. २०२५ मध्ये त्याच पुरस्कारांत या शाळेला लोकांच्या पसंतीचा पुरस्कार मिळाला.

एक शाळा संस्थेची, दुसरी सरकारी, आणि दोन्ही एकाच औद्योगिक पट्ट्याच्या दोन टोकांना. त्यामुळे ‘खासगी हात लागला की शाळा सुधारते’ असे म्हणणारे आणि ‘खासगी हात लागला की शाळा बुडते’ असे म्हणणारे, दोघांनीही या दोन शाळा शेजारी ठेवून पाहाव्यात. पण पुरस्कार हा हिशेब नव्हे. पुरस्कारासाठी शाळा आपले सर्वांत चांगले काम स्वतः निवडून पाठवते. पाठवलेल्यातून परीक्षक निवडतात. भोसरीच्या किंवा काळेवाडीच्या आईला आपल्या मुलाच्या शाळेत या वर्षी किती मुले वाचायला शिकली, हे त्यातून कळत नाही. तिला जे कळायला हवे, ते सांगण्याची जबाबदारी शाळा ज्याने चालवायला दिली त्याची, म्हणजे महापालिकेची आहे.

माझी सगळी नोकरी या पट्ट्यातल्या एका सुट्या भागांच्या कारखान्यात, गुणवत्ता विभागात झाली. भोसरीपासून चाकणपर्यंत हजारो लोक असे आहेत ज्यांना व्हेंडर रेटिंग म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. मोठी कंपनी स्वतः सगळे भाग बनवत नाही, बाहेरून घेते. पण घेताना प्रत्येक पुरवठादाराचा दर महिन्याला तक्ता निघतो. दहा लाख नगांमागे किती नापास झाले, माल वेळेवर आला का, तक्रार आल्यावर मुळाशी जाऊन कारण शोधले का. रेटिंग घसरले की आधी ऑडिट होते, मग सुधारणेची मुदत मिळते, तरीही फरक पडला नाही तर नवीन काम मिळत नाही आणि शेवटी जुनेही जाते. आपले काम दुसऱ्याला दिले म्हणून ग्राहकासमोरची जबाबदारी जात नाही, हे या पट्ट्यात लहान वर्कशॉपचा मालकही जाणतो. शाळा चालवायला देताना एवढी शिस्त हवीच.

पण ही तुलना एका जागी मोडते, आणि नेमके तिथेच कराराचे सगळे मर्म आहे. कारखाना कच्चा माल दारातच तपासतो आणि खराब असेल तर परत पाठवतो. शाळेला हा अधिकार नाही. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या १३ व्या कलमाने प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकाची चाळणी घ्यायला बंदी आहे. चौथ्या कलमाने उशिरा आलेल्या मुलाला वयाप्रमाणे वर्गात बसवून त्याची मागची कसर भरून काढायची आहे. मूल जसे येईल तसे घ्यायचे, आणि तिथून पुढे न्यायचे. म्हणून ज्या शाळेचा निकाल चांगला दिसतो तिला पहिला प्रश्न हाच विचारावा लागतो, की निकाल लागेपर्यंत मुले कोणती उरली होती?

मूल शाळेतून जायला कुणी त्याला काढावे लागत नाही. ‘तुमच्या मुलाला इथे झेपत नाही’ हे पालकाला दोन-तीनदा ऐकवले तरी पुरते. रात्रपाळी करून आलेला बाप शाळेत खाली मान घालून बसतो, आणि पुढच्या खेपेला स्वतःच दाखल्याचा अर्ज देतो. कागदावर कारण पडते, ‘पालकांच्या विनंतीवरून’. हे मुद्दाम कुणी करत असेल असे मी म्हणत नाही. पण गुणांवरच करार टिकणार असेल, तर अशा वागण्याची ओढ चांगल्यातल्या चांगल्या संस्थेलाही लागते.

आपल्या शहरात ही गोष्ट ओळखणे अधिक कठीण आहे, कारण इथली मुले तशीही सतत हलत असतात. त्यांची घरे आलेली लातूर, बीड, परभणी, बुलढाण्याहून, बिहार, उत्तर प्रदेशातून, राज्याच्या सीमेपलीकडच्या कलबुर्गी, विजयपूरहून. बाप कंत्राटी कामावर, ठेकेदार बदलला की खोली बदलते. मोशीचे कुटुंब तळेगावला जाते, तळवड्याचे चाकणला. फेब्रुवारी २०२५ मध्ये कुदळवाडी-चिखलीतली पत्राशेड आणि गोदामे महापालिकेने पाडली. तिथे राबणाऱ्यांची मुले पुढे कुठे गेली, हे त्या भागातल्या हजेरीपटांवरच शोधता येईल. अशा शहरात ‘गळती’ हा एकच आकडा काही सांगत नाही. बाप चाकणला गेला म्हणून मूल गेले, तर तो शाळेचा दोष नाही. पण मूल त्याच गल्लीत राहत असेल, आणि दाखला घेऊन अर्ध्या किलोमीटरवरच्या महापालिकेच्या दुसऱ्या शाळेत बसत असेल, तर चालवणाऱ्या संस्थेने उत्तर दिलेच पाहिजे.

हे शोधायला नवी यंत्रणा लागत नाही. प्रत्येक मुलाची नोंद सरल आणि यू-डायस प्लस या सरकारी नोंदप्रणालींवर आहे. दाखला गेला कुठे, हे तिथे दिसते. करारात एवढेच लिहावे, की ज्युनियर केजीत किंवा पहिलीत आलेली प्रत्येक तुकडी दरवर्षी मोजली जाईल. किती मुले उरली, किती शहर सोडून गेली, किती त्याच परिसरातल्या दुसऱ्या शाळेत गेली, हे तीन आकडे वेगवेगळे दाखवले जातील. तिसऱ्या आकड्यातल्या प्रत्येक पालकाला महापालिकेचा माणूस फोन करील. शाळेचा नव्हे, महापालिकेचा.

आणि रिकामी झालेली जागा? इंग्रजी माध्यमाची शाळा केजीपासून आपली मुले घडवत आणते. चौथीत पाच मुले गेली, तर त्या जागी लातूरहून मराठी माध्यमातून आलेले मूल घ्यायचे म्हणजे शिक्षकाला दुप्पट मेहनत, आणि वर्गाच्या सरासरीला फटका. न घेणे सोपे. मग पहिलीतला भरलेला वर्ग सातवीत अर्ध्यावर येतो, आणि त्या निवडक मुलांचा निकाल सगळ्या शाळेचा म्हणून मिरवला जातो. अमेरिकेतल्या चार्टर शाळांवर गेली अनेक वर्षे जो वाद चालू आहे, त्यातला हा मोठा भाग आहे. आपण तो आपल्या करारात पहिल्या दिवशीच मिटवू शकतो. वरच्या इयत्तेत रिकामी झालेली जागा त्याच वर्षी भरायची, परिसरातल्या ज्या मुलाचा अर्ज आधी त्याला, आणि अर्ज जास्त असतील तर पालकांसमोर चिठ्ठ्या काढून. उशिरा आलेल्या मुलांची प्रगती वेगळी दाखवायची, म्हणजे शाळेवर अन्यायही होणार नाही.

गुणांना पैसा किंवा करार बांधला की काय होते, हे आपल्याला अमेरिकेकडून शिकायचीही गरज नाही. १८६२ मध्ये इंग्लंडमध्ये रॉबर्ट लो यांच्या कारकिर्दीत निकालावर अनुदान देण्याची पद्धत आली. इन्स्पेक्टर यायचा, मुलांना वाचन, लेखन, गणित विचारायचा, आणि जितकी मुले पास तितके पैसे शाळेला. मुंबई इलाख्यातही अनुदानासाठी ही रीत काही काळ होती. परिणाम असा, की इंग्लंडच्या मास्तरांनी वाचनाचे पुस्तक मुलांकडून अक्षरशः पाठ करून घेतले. इन्स्पेक्टरच्या हातातले पुस्तक उलटे असले तरी मूल धडाधड म्हणून दाखवी. ज्या विषयाला पैसे नव्हते तो विषय वर्गातून गेला. काही दशकांत इंग्लंडलाच ही पद्धत सोडावी लागली. १८८२ मध्ये महात्मा फुल्यांनी शिक्षणाची पाहणी करणाऱ्या हंटर आयोगाला निवेदन दिले तेव्हा त्यांनी बोट ठेवले ते दुसऱ्याच गोष्टीवर: बहुजनांच्या मुलांना निदान बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचे प्राथमिक शिक्षण मिळावे, आणि शिक्षक चांगला, बऱ्या पगाराचा, शेतकरी समाजाला जवळचा असावा. मूल शाळेत पोहोचले का, टिकले का आणि त्याला शिकवणारा कोण आहे, या तीन गोष्टी त्यांच्या डोळ्यांपुढे होत्या. आपल्या कराराचाही हाच पाया असावा असे मला मनापासून वाटते.

अलीकडचा दाखला लायबेरियाचा. २०१६ मध्ये तिथल्या सरकारने ९३ प्राथमिक शाळा आठ संस्थांना चालवायला दिल्या, आणि सुदैवाने या प्रयोगाचा नीट अभ्यास झाला. पहिल्या वर्षात मुलांचे शिकणे खरोखर वाढले. पण सर्वांत मोठ्या कंत्राटदाराने वर्गातली संख्या मर्यादित ठेवण्याच्या अटीवर बोट ठेवून मुले बाहेर काढली, आणि जुने शिक्षक दुसरीकडे पाठवले. म्हणजे त्या शाळा सुधारल्या, पण काही ओझे शेजारच्या शाळांवर ढकलून. पाहणी करणाऱ्यांनी बाहेर गेलेली मुलेही मोजली म्हणून हे उघड झाले. उरलेल्यांचीच परीक्षा घेतली असती तर सगळे छान दिसले असते.

म्हणून शिकणे मोजायचे कसे, तर त्याच मुलाची वर्षाच्या सुरुवातीची आणि शेवटची पातळी घेऊन. ३० सप्टेंबरच्या पटावर असलेले प्रत्येक मूल निकालात धरावे, मधे गेलेले असले तरी. ज्याला काहीच येत नव्हते ते मूल तिसरीच्या शेवटी दुसरीचा परिच्छेद वाचू लागले, तर त्या शाळेचे काम मोठे आहे, मग शेजारच्या शाळेतली मुले आधीपासून वाचत असोत. चाचणी संस्थेने स्वतः घेऊ नये आणि शेजारच्या महापालिका शाळेतल्या शिक्षकांनीही घेऊ नये. दोघांचाही त्यात जीव अडकलेला असतो.

इंग्रजी माध्यमाच्या शाळांत एक गोष्ट मुद्दाम तपासली जावी असा माझा आग्रह आहे. मराठी. २०२० च्या कायद्याने राज्यातल्या सर्व शाळांत मराठी शिकवणे सक्तीचे आहे. कामगारांच्या वस्तीतला पालक इंग्रजी माध्यम निवडतो ते मुलाला कंपनीच्या दारात अडू नये म्हणून, आणि त्याचा तो निर्णय मी योग्यच मानते. पण चौथीतले मूल इंग्रजी पुस्तक अडखळत वाचते आणि मराठी वर्तमानपत्राचा मथळाही त्याला लागत नाही, तर ते दोन्हीकडून सुटलेले असते. घरी बोलली जाणारी भाषा मराठी असो, हिंदी असो वा कन्नड, तिच्या आधारावर इंग्रजी उभी राहते की तिला पुसून, हे शाळेच्या कामगिरीचे खरे लक्षण आहे. कामगिरीच्या कागदात त्याला स्वतंत्र जागा हवी.

दिव्यांग मुले किती आहेत, शाळेत येतात का आणि शिकतात का, हेही तिथे असावे. याचे वेगळे समर्थन करायची गरज मला वाटत नाही.

शिक्षकांबद्दल मात्र थोडे सविस्तर लिहिते. संस्थेच्या शाळांतले शिक्षक बहुतेक तरुण, उत्साही, आणि महापालिकेच्या कायम शिक्षकांच्या मानाने कमी सुरक्षित. दोन-तीन वर्षांत माणूस निघून गेला की मुलांचा जीव तुटतो, आणि शाळेने त्याच्यावर केलेली मेहनत वाया जाते. म्हणून वर्षाला किती शिक्षक सोडून गेले, पात्रता परीक्षा उत्तीर्ण किती, पगार किती आणि तो वेळेवर होतो का, हे आकडे गुणांच्या शेजारी छापले जावेत. महापालिकेच्या शिक्षक संघटनांना भीती वाटते, की अशा शाळा वाढत गेल्या तर कायम जागा संपतील. ही भीती खोटी ठरवायची असेल तर एकच उपाय आहे: चालवायला दिलेल्या शाळेला जी मोजपट्टी, तीच महापालिकेच्या स्वतःच्या शाळेलाही. संस्थेच्या शाळेत मूल टिकत नसेल तर जाब, आणि आपल्या शाळेत टिकत नसेल तर सूट, हे चालणार नाही. उलटही चालणार नाही.

पैशाची बाजू शहरातल्या उद्योगांशी थेट जोडलेली आहे. या शाळांवर महापालिका जे देते त्याशिवाय संस्था देणग्या उभारतात, आणि त्यातला मोठा भाग कंपन्यांच्या सीएसआरचा असतो. कंपनी कायदा २०१३ नुसार ठराविक आकाराच्या कंपनीला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे किमान दोन टक्के समाजकार्यावर खर्चावे लागतात. म्हणजे नफा घटला की मागोमाग हा पैसाही घटतो. २०१९ मध्ये वाहन उद्योगात मंदी आली तेव्हा या पट्ट्यात किती पाळ्या बंद झाल्या, किती कंत्राटी कामगार घरी बसले, हे सगळ्यांना आठवते. लगोलग करोनाचे वर्ष आले. ज्या मंदीत बापाचे काम जाते, त्याच मंदीने त्याच्या मुलाच्या शाळेची देणगीही आटू शकते. म्हणून दर मुलामागे एकूण खर्च किती, त्यातला महापालिकेचा किती, देणगीचा किती, आणि देणगी थांबली तर शाळा किती महिने चालेल, हे दरवर्षी तपासलेल्या हिशेबासह जाहीर व्हावे. अमेरिकेत चार्टर शाळांना परवाने देणाऱ्यांच्या राष्ट्रीय संघटनेने जी चौकट घालून दिली, तिचे भागही तीनच आहेत: शिकणे, पैसा आणि कारभार. मुळात ती तीन पायांची आहे, आणि आपल्याकडे शाळेची गुणवत्ता म्हटले की पहिल्याच पायावर उभे राहायची सवय आहे.

आपल्याकडे मोजमाप कमी नाही. ‘शाळासिद्धी’ या शाळांच्या मूल्यमापनात सात क्षेत्रे आणि ४६ मानके होती. आता नव्या राज्य आराखड्यात १२८ मानके आली आहेत. शिवाय नियतकालिक चाचण्या, शिवाय ‘माझी शाळा सुंदर शाळा’. महापालिकेने क्वालिटी कौन्सिल ऑफ इंडियाकडून आपल्या शाळांची पाहणीही करून घेतली, आणि बाहेरच्या नजरेने स्वतःला तपासून घेण्याची ही तयारी मला मोलाची वाटते. पण १२८ मानकांवर मुख्याध्यापक स्वतःच स्वतःला श्रेणी देतात आणि पुराव्याचे फोटो चढवतात, तेव्हा त्या कागदातून शाळेचे भवितव्य ठरवता येत नाही, आणि ठरवूही नये. ते सुधारणेचे साधन आहे. करार टिकवायचा की नाही यासाठी सात-आठ गोष्टी पुरतात, पण त्या अशा हव्यात की ज्यांत शाळेला स्वतःच्या हाताने आकडा भरता येत नाही.

शाळा चालवायला देणे आणि शाळेला मदत करणे या दोन गोष्टींची गल्लतही होऊ नये. सप्टेंबर २०२३ च्या शासन निर्णयाने दत्तक शाळा योजना आली. ‘अ’ आणि ‘ब’ वर्ग महापालिकांमधली शाळा पाच वर्षांसाठी दत्तक घ्यायची तर दोन कोटी रुपयांच्या मूल्याची मदत, दहा वर्षांसाठी तीन कोटी. ही मदत इमारतीची, साहित्याची. दात्याकडून शिकवण्याची अपेक्षा नाही, आणि म्हणून त्याच्याकडून निकालाचाही हिशेब मागता येत नाही. पण ज्याच्या हाती वर्ग आणि शिक्षक आहेत, त्याला देणगीदार समजून आभाराचे पत्र देणे पुरेसे नाही. तो सेवा देतो, आणि सेवेचा हिशेब द्यावाच लागतो. एका सत्कार समारंभात दोघांना एकाच रांगेत बसवणे बरे नव्हे.

हिशेब एका बाजूचा मात्र नसावा. महापालिकेने काय द्यायचे, तेही त्याच कागदावर हवे. इमारत दुरुस्त, मुलींची स्वच्छतागृहे वापरण्याजोगी, पाणी, शालेय पोषण आहार वेळेवर, ठरलेली रक्कम ठरलेल्या तारखेला. छत गळत असताना संस्थेला हजेरीबद्दल जाब विचारणे अन्यायाचे आहे. महापालिका चुकली तर त्या वर्षाच्या कामगिरीत तशी नोंद व्हावी, आणि तीही पालकांना दिसावी.

मग शाळा कमी पडली तर? अमेरिकेत १९९१ मध्ये मिनेसोटाने पहिला चार्टर कायदा केला तो याच बोलीवर, की स्वातंत्र्य जास्त आणि जबाबदारीही जास्त. पुढे अठरा वर्षांनी, २००९ मध्ये, स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या ‘क्रेडो’ या संशोधन केंद्राने पाहणी केली तेव्हा गणितात १७ टक्के चार्टर शाळा आसपासच्या सरकारी शाळांपेक्षा चांगल्या निघाल्या, ३७ टक्के वाईट, आणि उरलेल्यांत फरक नव्हता. स्वातंत्र्य दिले गेले होते, जबाबदारी बऱ्याच ठिकाणी कागदावर राहिली होती. २०१३ च्या पुढच्या पाहणीत चित्र सुधारले, आणि त्यामागचे एक कारण असे होते, की मधल्या काळात बऱ्याच कमकुवत शाळा बंद केल्या गेल्या. यातून आपण अर्धेच घ्यावे. करार काढून घेण्याची हिंमत घ्यावी, शाळा बंद करण्याची रीत घेऊ नये. तिकडे शाळा बंद झाली की मुले दुसऱ्या शाळेच्या शोधात रस्त्यावर येतात. आपल्याकडे इमारतही महापालिकेची, पटही महापालिकेचा. चालवणारा बदलला तरी मूल त्याच बाकावर, त्याच वर्गमित्रांसोबत राहू शकते. ही आपली फार मोठी जमेची बाजू आहे, ती करारात शब्दांत उतरली पाहिजे. पहिल्या वर्षी कमतरता दिसली तर लेखी सूचना, मग एक पूर्ण शैक्षणिक वर्ष सुधारणेसाठी, त्या वर्षात महापालिकेची मदत, आणि तरीही जमले नाही तर पुढच्या जूनपासून दुसरी संस्था किंवा महापालिका स्वतः. मार्च-एप्रिलमध्येच हे पालकांना कळले पाहिजे, शाळा उघडायच्या आदल्या आठवड्यात नव्हे. आणि चांगले काम करणाऱ्या संस्थेचा करार दरवर्षी अधांतरी ठेवू नये. तिला लांब मुदत द्यावी, कारण शिक्षक टिकायचे तर शाळाही टिकणार आहे हे त्यांना माहीत असावे लागते.

माहितीचा अधिकार कायदा, २००५ महापालिकेला लागू आहे. चालवणाऱ्या संस्थेलाही शाळेपुरती तीच उघडी पाटी करारानेच बंधनकारक करावी. शाळा व्यवस्थापन समितीत कायद्याने तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, आणि निम्म्या स्त्रिया. या समितीला कामगिरीचा वार्षिक कागद आधी दिसावा, तिचे मत त्यावर लिहिलेले असावे, आणि ते मत न बदलता छापले जावे. दोन पानांपेक्षा मोठा कागद नको. शाळेच्या दारावर लावलेला, पाळी सुटल्यावर मुलाला घ्यायला आलेल्या आईला उभ्याउभ्या वाचता येईल असा.

आयुक्तसाहेब, मार्च २०२२ मध्ये आपल्या महापालिकेची मुदत संपली आणि जवळजवळ चार वर्षे शाळांचे निर्णय प्रशासकांनीच घेतले. त्या काळात शाळांकडे लक्ष दिले गेले, हे मी मान्य करते. पण प्रशासकाच्या सहीने झालेल्या गोष्टी पुढच्या अधिकाऱ्याच्या सहीने बदलतात. कामगिरीची चौकट सभागृहासमोर चर्चा होऊन मंजूर झाली, तर आयुक्त बदलले, पक्ष बदलले तरी ती टिकेल.

म्हणून माझी मागणी साधी आणि मुदतीची आहे. यापुढे कुठलीही शाळा संस्थेला देण्याआधी, आणि चालू करारांचे नूतनीकरण करण्याआधी, कामगिरीच्या चौकटीचा मसुदा मराठीत महिनाभर जाहीर ठेवावा. त्या महिन्यात संबंधित शाळेत संध्याकाळी सातनंतर एक पालक सभा घ्यावी, आणि दुसऱ्या पाळीच्या कामगारांना येता येईल अशा वेळी आणखी एक घेतली तर अधिक चांगले. त्या सभेला शिक्षण विभागाचा अधिकारी आणि संस्थेचा प्रतिनिधी दोघांनी बसावे, आणि मसुद्यातला पहिला तक्ता, म्हणजे त्या शाळेत गेल्या तुकडीतली किती मुले टिकली आणि किती त्याच वस्तीतल्या दुसऱ्या शाळेत गेली, तो महापालिकेने स्वतः भरून आणावा.

आपली विश्वासू,
चिंचवडची एक नागरिक